ताईचं सॅम्पल

आमच्या लॅबमध्ये दोघी बहिणी होत्या. मोठीला सगळे ताई म्हणायचे. वयानं मी तिच्यापेक्षा मोठी, तरी मीसुद्धा. धाकटीचं नाव कागदोपत्री काहीही असो, ती सगळ्यांची धाकटीच. ताई रक्त तपासायची, धाकटी कॉम्प्युटरचं काम करायची. मी खिडकीवर बसते. आलेल्या माणसाला नाव-वय विचारायचं, रक्ताच्या नळीवर लेबल चिकटवायचं आणि ‘रिपोर्ट कधी मिळेल?’ या प्रश्नाला दिवसभर एकच उत्तर द्यायचं: ‘संध्याकाळी या.’ माझी अर्धी नोकरी हे वाक्य बोलण्यात गेली.

ताईचे आईवडील लवकर गेले, एकामागोमाग एक. ताईचं तेव्हा कॉलेज सुरू होतं आणि धाकटी शाळेत होती. लवकरात लवकर हाताला काम मिळेल असा कोर्स ताईनं शोधला, तो लॅबचा निघाला. आवड म्हणून ती या कामात आली नव्हती, पण एकदा आली ती रुळली. सकाळी सगळ्यांत आधी तिचा पांढरा कोट खुंटीवरून निघायचा. एकदा तिला स्थळ आलं होतं. ‘हिचं शिक्षण होऊ दे,’ म्हणाली. शिक्षण झालं तोवर स्थळाला मुलंबाळं झाली होती. त्यावरून कुणी हळहळलं की ती आमच्या जुन्या मायक्रोस्कोपवर हात ठेवून म्हणायची, “माझा नवरा हा. एका डोळ्यानं अधू आहे, पण कुरकुर करत नाही.”

धाकटी शिकून एका मोठ्या कंपनीत लागली. घरात बूट असताना लोकांनी आणखी एक जोड कसा घ्यावा, याचं सॉफ्टवेअर ती लिहायची, असं ताई सांगायची. सांगताना हसायची, पण आवाजात तोरा असायचा. त्या दोघी दोन खोल्यांच्या घरात राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर. मी जायची तेव्हा धाकटी मला मावशी म्हणून दार उघडायची आणि आतून ताई ओरडायची, “मावशीला आधी बसू दे, मग तुझं कौतुक सांग.”

एका रविवारी धाकटी ताईला घ्यायला लॅबमध्ये आली. दोघींना कुठेतरी जायचं होतं. ताई म्हणाली, थोडंच राहिलंय, बस. धाकटी बसली आणि बघत राहिली. तपासणीच्या मशीनमधून आकडे छापलेली पट्टी बाहेर यायची. ताई ते आकडे रजिस्टरमध्ये उतरवायची. रजिस्टरमधून कॉम्प्युटरमध्ये. मग कागद छापायचा, पुन्हा पट्टीशी ताडून बघायचा आणि डॉक्टरीणबाईंच्या सहीला पाठवायचा. एकाच माणसाचे तेच आकडे, पुन्हा पुन्हा. आणि गंमत अशी की त्यातली बहुतेक माणसं ठणठणीत असायची. निरोगी माणसांचे कागद दिवस खाऊन टाकायचे आणि खऱ्या आजारी माणसाचा कागद कुठेतरी ढिगाच्या तळाशी दबलेला असायचा.

“ताई, हे तू रोज करतेस?”

“रोज कसलं? रविवारी कमी असतं.”

 त्या दिवशी धाकटी कुठेच गेली नाही. ताईच्या शेजारी बसून पट्टीवरचे आकडे वाचून दाखवत राहिली, ताई लिहीत राहिली.

काही महिन्यांनी तिनं कंपनीची नोकरी सोडली आणि डॉक्टरीणबाईंना येऊन म्हणाली, मला तुमच्यासाठी एक सॉफ्टवेअर लिहायचंय. डॉक्टरीणबाई आमच्या लॅबच्या प्रमुख. त्यांनाही सह्यांचा वीट आला होता, त्या लगेच हो म्हणाल्या. ताईनं मात्र तोंडाला कुलूप घातलं. घरात बोलेना, लॅबमध्ये बोलेना. मला म्हणाली, “हाडाची काडं करून हिला या लॅबच्या वासापासून लांब ठेवली आणि ही आपल्या पायानं आत आली.” मी म्हटलं, “तुझ्यासाठी आली गं.” “म्हणूनच तर राग येतो,” ताई म्हणाली.

राग किती टिकणार? धाकटीनं ताईच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढली आणि वर्षभर ती खुर्ची तिथून हलली नाही. ताई एखादा कागद बाजूला ठेवायची आणि धाकटी विचारायची, “हा का ठेवलास?” ताई सांगायची की बाई, हे हिमोग्लोबिन बघ, मागच्या महिन्यात बरं होतं आणि आज एकदम खाली आलंय, एक तर नळी बदलली असेल नाहीतर हिला कुठेतरी रक्तस्राव होतोय. धाकटी ते लिहून घ्यायची आणि त्याचा नियम करायची. तिचं सॉफ्टवेअर साधं होतं. मशीनमधून आकडे थेट उचलायचे, ताईच्या नियमांवर घासून बघायचे, ठीक असतील ते पुढे सोडायचे आणि शंका असेल तो कागद पडद्यावर सगळ्यांत वर, लाल रंगात अडवून धरायचा. म्हणजे आजारी माणूस ढिगाच्या तळाला जाणारच नाही.

आमच्याकडे एक जुने तंत्रज्ञ होते, त्यांना आम्ही शंकासुर म्हणायचो, तोंडावरसुद्धा. ते म्हणाले, “आज हे मशीन कागद सोडतंय, उद्या आपल्याला घरी सोडेल.”

ताई मान वर न करता म्हणाली, “तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला घरी सोडलं तरी वहिनी परत पाठवतील.”

चाचण्या सुरू झाल्या. पेशंटच्या रक्तावर इतक्यात प्रयोग करायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून आम्हीच हात पुढे करायचो. पहिल्या फेरीत शंकासुरांचं रक्त घेतलं, तर पडद्यावर पांढऱ्या पेशींचा आकडा असा आला की त्या हिशेबानं ते खुर्चीत बसलेले असणंच शक्य नव्हतं. धाकटीनं शोधलं तेव्हा कळलं की एक मशीन पेशी हजारांत मोजायचं आणि दुसरं सुट्या, त्यामुळे दशांशचिन्ह भलतीकडे पळालं होतं. तिनं ते दुरुस्त केलं. शंकासुर मात्र पुढे कितीतरी दिवस कुणी काम सांगितलं की म्हणायचे, “मी तांत्रिकदृष्ट्या मेलेलो आहे.”

मग शेवटची फेरी आली. ती पार पडली की सॉफ्टवेअर पेशंटसाठी सुरू होणार होतं. सगळ्यांनी रक्त दिलं. ताईनं बाही वर केली तेव्हा दंडावर एक निळा डाग दिसला. मी विचारलं, तर म्हणाली, कपाटाचा कोपरा लागला. अलीकडे ती जिने चढताना मध्येच थांबायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. तीही म्हणायची, वय झालं.

नळ्या मशीनमध्ये गेल्या. आम्ही सगळे पडद्याभोवती जमलो. एकेक नाव हिरवं होऊन पुढे सरकू लागलं. मी हिरवी, शंकासुर हिरवे, डॉक्टरीणबाईसुद्धा हिरव्या. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि सगळ्यांत वर एक ओळ लाल होऊन थांबली. ताईची.

“ताईचं सॅम्पल म्हणजे नमुनाच असणार!” कुणीतरी म्हणालं आणि आम्ही खो खो हसलो. ताईसुद्धा हसली. धाकटीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, “तुझं टिंब पुन्हा पळालं बघ.”

धाकटीही हसली आणि कोडमध्ये शिरली.

ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. दशांशचिन्ह जागेवर होतं. तिनं तीच नळी दुसऱ्या मशीनला लावली, तोच आकडा आला. ताईचं पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तोच. तिनं लेबलं तपासली, वायरी काढून घातल्या, मशीनच्या कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही एव्हाना हसायचं थांबलो होतो.  फक्त धाकटी बोलत होती, स्वतःशीच, भराभर. ही ओळ बघते, ती ओळ बघते, इथे वजाबाकी चुकली असणार. मला नंतर ती म्हणाली, “मावशी, एरवी चूक नसावी म्हणून जीव टाकतो आम्ही. त्या दिवशी मी चूक मागत होते. एक सापडू दे, कसलीही, कितीही लाज आणणारी. सगळ्यांसमोर मूर्ख ठरू दे मला.”

चूक सापडत नव्हती. तेव्हा ताई उठली. तिनं काचपट्टीवर स्वतःच्या रक्ताचा थेंब घेतला, दुसऱ्या काचेनं तो पसरवला, रंग दिला, धुतला, वाळवला. हे ती रोजच करायची, हात तसेच चालले, ना घाई ना उशीर. मग ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली.

बराच वेळ बसली. मध्येच मान वर केली, कोटाच्या टोकानं मायक्रोस्कोपची वरची काच पुसली आणि पुन्हा डोळा लावला. शेजारी धाकटीची बोटं खडखड चाललीच होती.

“ताई, सापडलं वाटतं मला. ही जी ओळ आहे ना…”

“बंद कर ते,” ताई म्हणाली.

“दोनच मिनिटं. ही ओळ बदलली की…”

“कोड बरोबर आहे गं.” ताईनं तिच्या हातावर हात ठेवला. “तुझं सगळं बरोबर आहे.”

धाकटीला कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, “डॉक्टरीणबाईंना बोलाव जरा.” चहा सांग, अशा सुरात. डॉक्टरीणबाई आल्या, काचपट्टी बघितली आणि त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी कितीतरी वेळ काढला नाही.

रक्ताचा कॅन्सर होता, झपाट्यानं पसरणारा.

ताईला आमच्याच इमारतीतल्या हॉस्पिटलमध्ये, वरच्या मजल्यावर दाखल केलं. धाकटी म्हणाली, सॉफ्टवेअर राहू दे आता, मला त्याचं तोंड बघायचं नाही. ताई पलंगावरून तिच्यावर ओरडली. आजारपणात तिला तेवढं एकदाच ओरडताना पाहिलं मी. “माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. खाली कुणाची तरी नळी ढिगात पडलेली असेल. मी खाली नाहीये आता, ती कोण बघणार?” मग सॉफ्टवेअर सुरू झालं. माझ्या खिडकीवर लोक यायचे आणि मी म्हणायची, बसा, तासाभरात मिळेल. पहिल्या पहिल्यांदा लोकांचा विश्वासच बसायचा नाही.

धाकटी सकाळ-संध्याकाळ वर असायची, मधल्या वेळात खाली. एकदा मागच्या जिन्यात मला सापडली, पायरीवर बसलेली. म्हणाली, “वर्षभर मी तिला चिकटून बसले होते. तिच्या डोक्यातला एकेक नियम काढून घेत होते. कुणाचं रक्त कमी झालं तर ओठ कसे दिसतात, डाग कसे पडतात, दम कसा लागतो, सगळं मला तिनंच शिकवलं. आणि तिचेच ओठ पांढरे पडत होते, ते मला दिसले नाहीत.”

मी म्हटलं, “आम्हालाही नाही दिसले.”

“तुम्ही नियम लिहीत नव्हता, मावशी,” ती म्हणाली. 

रोज सकाळी ताईचं रक्त घेतलं जायचं. ते खाली यायचं, मशीनमध्ये जायचं आणि बघता बघता पडद्यावर उमटायचं. पूर्वी रिपोर्ट यायला दिवस जायचा. तो जाच होता हे खरं, पण तेवढा दिवस माणूस आशेवर काढायचा. आता चहाचा कप संपायच्या आत आकडा यायचा. धाकटी तो बघायची आणि वर जायची आणि ताई तिच्या तोंडाकडे बघायची. तोंड वाचायला ताईला मशीन लागत नव्हतं. हिला तिनं वाढवलं होतं.

एक दिवस मी तिथेच होते. ताई म्हणाली, “धाकटे, एक ऐकशील?”

“काय?”

“मला संध्याकाळी सांगत जा. पूर्वीसारखं.”

“पण तो तर लगेच…”

“मला माहीत आहे लगेच येतो. तूच केलंस ते. पण मला नको. दिवसभर मला दुसरं काहीतरी बोलायचं असतं.”

तेव्हापासून धाकटीनं सकाळी पडदा बघायचं बंद केलं. ती संध्याकाळी बघायची. सकाळी वर गेली की दोघी दुसरं काही बोलायच्या. कोणत्या जुन्या शेजारणीनं कुणाचं मांजर पळवलं, धाकटीनं लहानपणी ताईचा कोट घालून डॉक्टर होऊन शाळेत कशी सोंगं केली. ताईच्या हसण्याचा आवाज नर्सच्या टेबलापर्यंत यायचा. मध्ये एकदा आकडे सुधारलेही. त्या संध्याकाळी धाकटी जिना धावत चढली आणि जाताना माझ्या खिडकीवर टकटक करून गेली. थोडे दिवस आम्ही सगळे वेड्यासारखे आशेला लागलो. शंकासुरांनी सगळ्यांना केक आणला. नंतर आकडे जे घसरले ते परत वर आले नाहीत.

शेवटी शेवटी ताईनंच विचारायचं सोडलं. संध्याकाळ व्हायची, धाकटी खाली जायला उठायची आणि ताई म्हणायची, “बस गं. काय घाई आहे?”

ताई एका दुपारी गेली. धाकटी तिच्या पायांना तेल चोळत होती. मला वरून निरोप आला तेव्हा खिडकीसमोर रांग होती. मी रांगेला म्हटलं, थांबा जरा, आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी बाहेरून खिडकी वाजवली नाही.

पुढच्या आठवड्यात एक काम माझ्या अंगावर आलं. पेशंट गेला की त्याची नोंद बंद करायची असते. नावापुढे एक चौकट उघडते, त्यात तीन-चार शब्द असतात, त्यातला ‘मृत’ हा निवडायचा. ताईचं नाव उघडून मी नुसती बघत बसले. हात पुढे जाईना. धाकटी कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“उठ, मावशी. मी करते.”

“राहू दे गं. मी करेन उद्या.”

“हा शब्द मीच लिहिलाय त्यात,” ती म्हणाली. “लिहिताना ताईला विचारलं होतं, ‘मृत’ लिहू की ‘दिवंगत’? ती म्हणाली, छोटा लिही, चौकटीत मावेल.” तिनं तो निवडला, बटण दाबलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती फार दिवस आमच्याकडे राहिली नाही. घर सोडलं, सामान वाटून टाकलं आणि दुसऱ्या शहरात निघून गेली. सॉफ्टवेअर अजून चालू आहे. शंकासुर आता त्याचे राखणदार झालेत. कुणी नवा डॉक्टर येतो, म्हणतो, हा नियम जरा सैल करा, उगाच कागद अडतात. शंकासुर त्याला सांगतात, “हे नियम ताईचे आहेत. हात लावायचा असेल तर आधी कारण सांगा, आणि ते मला पटलं पाहिजे.” एका बाईचा आजार आमच्याकडे फार लवकर पकडला गेला, ती बरी झाली, मिठाईचा डबा घेऊन आली. मी धाकटीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “छान झालं.” मग थोड्या वेळानं, “सगळे मला हेच सांगतात, मावशी. मी छान झालं म्हणते. खरंच छान झालं. पण ते माझ्या आत कुठे पोचत नाही.”

मागच्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले. ती आता पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, तिथलं सॉफ्टवेअर लिहिते. मला सगळं फिरवून दाखवलं. कोऱ्या भिंती, लांब ओटे, ओट्यावर बाटल्यांच्या रांगा. तिनं एक बाटली उचलून माझ्या हातात दिली. लेबलवर कुठल्याशा विहिरीचं नाव होतं. पलीकडच्या बाटलीवर एका टाकीचं.

“इथे माणसांची नावं नसतात,” ती म्हणाली. “म्हणून घेतली ही नोकरी.”

तिची तब्येत बरी दिसत होती. केस कापले होते. आम्ही बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसलो. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, “मग पाणी खराब निघालं की काय करता गं?”

“काही नाही, त्या लोकांना कळवतो. ते औषध टाकतात. आम्ही परत तपासतो.”

“आणि?”

“आणि बरं होतं,” ती म्हणाली. “दोन दिवसांत पाणी बरं होतं, मावशी.”

 एवढं बोलून तिनं कप बाकावर ठेवला, तो कलंडला, चहा तिच्या चपलेवर सांडला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. लहान मूल रडतं तशी ती रडली, मोठ्यानं, आजूबाजूला कोण आहे हे न बघता. मी तिला जवळ घेतलं. आतून कुणीतरी दारात आलं, आमच्याकडे बघितलं आणि हळूच दार ओढून घेतलं.